खुर्चीवर ठेवलेलं चित्र

गोदावरी आत्याने चित्रासाठी बसायला होकार दिला, पण एका अटीवर. ती आहे तोवर ते चित्र कुठल्याही भिंतीवर टांगायचं नाही.

तिच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात भिंतीवर होते ते सगळे गेलेले लोक होते. सासरे, सासू, मोठी जाऊ आणि नवरा. सगळे चंदनाच्या हारात, आणि सगळ्यांची नजर समोरच्या कॅलेंडरवर. आत्या म्हणाली, "भिंतीवर गेलं का माणूस संपला. मले एवढ्यात नाई जायचं तिकडं."

गंधालीने लगेच शब्द दिला. तेव्हा तो द्यायला तिचं काही जात नव्हतं, कारण तिची चित्रं टांगायला कुणी भिंतच देत नव्हतं.

गंधाली देशकर तिशीला टेकली होती. शाळेत ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी तिने सोडली होती आणि समता कॉलोनीतल्या घराच्या मागच्या खोलीत ती रंगवत बसायची. तिचे वडील रेल्वेत, बिलासपूरला. घरी आई, वनमालाबाई. रायपूरच्या हिंदी पेपरांत गंधालीचं नाव दोन-तीनदा आलं होतं, आणि प्रत्येक वेळी नावाआधी 'उदीयमान' हा शब्द होता. उगवायला एवढा वेळ लागणारी दुसरी कुठली गोष्ट वनमालाबाईंना माहीत नव्हती, पण लेकीसमोर त्या हे बोलत नसत. बहिणींसमोर बोलत.

आत्याचं चित्र हिवाळाभर चाललं. दुपारी आत्याच्या ओसरीवर उजेड चांगला यायचा. आत्या तिथे पाय लांब करून बसायची आणि टर्पेंटाइनच्या वासाबद्दल कुरकुरायची. प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवलेली बाई, त्यामुळे न हलता बसणं तिला पोरांकडून करवून घ्यायची सवय होती, स्वतः करायची नव्हती. पण बसली. गुडघे गेल्यापासून तिचं बाहेर जाणं सुटलं होतं. लग्न नाही, मुंज नाही, हळदीकुंकू नाही. डॉक्टरकडे जायचं तेवढं भैय्यालालच्या ई-रिक्षातून. गंधालीच्या येण्याने तिला कुणाशी तरी बोलायला मिळत होतं, आणि खरं सांगायचं तर ती चित्रासाठी नाही, बोलण्यासाठी बसत होती. दोघींनाही ते माहीत होतं. चित्र कसं होतंय हे तिने एकदाही उठून पाहिलं नाही. "पुरं झाल्यावर दाखव," एवढंच म्हणाली. पुरं झालं तेव्हा ते वाळायचं होतं, वाळलं तेव्हा गंधाली ते घरी घेऊन गेली, आणि मग दाखवायचं राहून गेलं.

चित्र मात्र उतरलं होतं. गंधालीला स्वतःच्या कामाबद्दल फार खात्री नसायची, पण हे तिला कळलं. बाकीची चित्रं म्हणजे पंडरीच्या बाजारातले कापडाचे गठ्ठे, तागे खांद्यावर टाकून चाललेले हमाल, शटर अर्धं ओढलेली दुकानं. बरी होती. आत्याचं चित्र बरं नव्हतं, ते खरं होतं.

मग शिशिर भेटला. तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला, एका टाइल्सच्या शोरूमवर पहिल्या मजल्यावर त्याने गॅलरी काढली होती. आडनावाने मराठी, कळायचं सगळं, पण बोलायचा हिंदीत. तो घरी आला, पंडरीचे गठ्ठे पाहून मान हलवत राहिला, आणि आत्याच्या चित्रासमोर आल्यावर त्याची मान थांबली.

"ये सामनेवाली दीवार पे जाएगी. अकेली. दरवाज़ा खुलते ही यही दिखनी चाहिए."

"हे टांगता येणार नाही," गंधाली म्हणाली.

"क्यों? गीली है क्या?"

"नाही. आत्या आहे अजून."

शिशिरला काही कळलं नाही. "तो अच्छा है ना. उनको भी बुलाओ."

तिने सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे चित्र नसेल तर हे प्रदर्शन पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय हे गंधालीला ठाऊक होतं, ती बरीच वर्षं उदीयमान होती. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. आत्याला दिलेला शब्द मोडायचा नव्हता आणि प्रदर्शनही सोडायचं नव्हतं, आणि यातलं कुठलं जास्त हे तिने स्वतःला विचारायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. अट टांगण्याची होती. चित्र खुर्चीवर ठेवलं तर? वेताची हातांची खुर्ची, तिच्यात चित्र पाठीला टेकवून बसवलेलं, आणि मागे सगळी भिंत मोकळी.

शिशिर उडालाच. "अरे! इन्स्टॉलेशन लगेगा!" त्याला वाटलं ही तिची कलात्मक कल्पना आहे. तिने तसं वाटू दिलं.

त्यापुढचे दिवस रंगवण्यात गेले नाहीत, सांगण्यात गेले. शिशिरला रोज एक रील हवी असायची. गंधालीने एकच ब्रश मोबाईलसमोर इतक्या वेळा धुतला की त्याचे केस गळायला लागले. खिडकीतून बाहेर बघत विचार करतानाची रीलही झाली; ती विचार करत होती तो फ्रेमवाला फोन का उचलत नाही याचा. पोस्टरवर पंडरीचं चित्र छापायचं असा तिने हट्ट धरला, कारण पोस्टरं भिंतींवर लागणार होती. एवढं तिने सांभाळलं, आणि त्याचं तिला बरंही वाटलं.

वनमालाबाईंचा प्रचार वेगळा होता. त्यांनी फोन हातात घेतला आणि समता कॉलोनीपासून सुरुवात केली. चित्रं बघायला या म्हटलं की पलीकडे शांतता व्हायची. "नाश्ता आहे," म्हटलं की पलीकडचा माणूस वेळ विचारायचा. पण नुसत्या नाश्त्यावर आपली माणसं संध्याकाळी तेलीबांध्यापर्यंत येत नाहीत हे त्यांना अनुभवाने कळत होतं. कार्यक्रमाला अध्यक्ष पाहिजे. म्हणून त्यांनी नीलकंठरावांना गाठलं. नीलकंठराव एका मंडळाचे अध्यक्ष होते आणि उद्घाटनाला बोलावणं आलं की आधी हो म्हणून मग कशाचं ते विचारत.

गंधाली स्वतः छापील पत्रिका घेऊन आत्याकडे गेली. तिने आधी जिना सांगितला आणि मग तारीख.

"पहिल्या मजल्यावर आहे, आत्या. लिफ्ट नाही."

आत्याने चष्मा लावून पत्रिका उलटसुलट वाचली. "माझं आहे त्यात?"

"आहे. पण टांगलेलं नाही. खुर्चीवर ठेवणार आहे."

"खुर्चीवर?" आत्याने जरा विचार केला. "हव. खुर्चीवर बसाले माझी ना नाई."

गंधालीचा जीव भांड्यात पडला. आत्या येणार का हे तिने विचारलं नाही. आत्याही म्हणाली नाही. गुडघे बघता ती येणार नाही असं गंधालीने धरून चाललं, आणि आली नाही तर बरंच, असंही तिला वाटलं. नवीन चित्रकाराला पहिल्या दिवशी पुष्कळ व्याप असतात, त्यात म्हाताऱ्या माणसाला कोण सांभाळणार, असं कारण तिने स्वतःला दिलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी वनमालाबाई घरची समई घेऊन आल्या. शिशिर म्हणाला गॅलरीत तेल नको, तर त्यांनी ते ऐकलंच नाही. समई कुठे ठेवायची हा प्रश्न आला. एसीचा वारा सगळीकडे लागत होता. लागत नव्हता तो एकाच जागी, आत्याच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. तिथे समई आली. समईसमोर त्यांनी बारीकशी रांगोळी घातली. गंधालीने लांबून ते पाहिलं, पण तिला त्या वेळी एका वार्ताहराला तैलरंग म्हणजे काय ते सांगायचं होतं.

माणसं आली. अपेक्षेपेक्षा जास्त आली. बायकांनी दारात चपला काढल्या, कारण समई दिसली की पाय आपोआप तसे वागतात. पंडरीच्या चित्रांवरून लोकांच्या नजरा सरळ घसरत गेल्या. कुणी विचारलं, हे दुकान कुणाचं. कुणी म्हणालं, फोटो छान आहेत. बरेचसे मोबाईलमध्ये होते. नाश्त्याच्या टेबलाभोवतीच काय ती खरी गर्दी होती, आणि गंधालीच्या तोंडावरचं हसू दुखायला लागलं होतं.

नीलकंठराव आले. वनमालाबाईंनी झेंडूचा आणि गुलाबाचा जाडजूड हार त्यांच्या गळ्यात घातला. ज्याला हार घालतात त्याने तो लगेच काढायचा असतो, हे सगळ्या अध्यक्षांना माहीत असतं. गळ्यात ठेवला तर माणूस हावरा दिसतो. नीलकंठरावांनी हार काढला आणि तो ठेवायला जागा शोधत ते वळले. समोर समई तेवत होती, रांगोळी होती, आणि खुर्चीत एका म्हाताऱ्या बाईंचं मोठं चित्र होतं. खाली शिशिरने लावलेलं कार्ड होतं. वर गोदावरी, त्याखाली २०२४, आणि त्याखाली बारीक अक्षरात कॅनव्हास आणि तैलरंग वगैरे, जे चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं.

नीलकंठराव वाकून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला.

"बाई," ते म्हणाले. "गोदावरीबाई."

त्यांनी हार चित्राला घातला, हात जोडले आणि डोळे मिटले. पुढे उभ्या असलेल्या बायकांनी त्यांचं पाहून हात जोडले. त्यांच्या मागच्यांनी पुढच्यांचं पाहून जोडले.

नीलकंठराव वळले तेव्हा त्यांचा आवाज भाषणाचा नव्हता. "या बाईंनी मला चौथीत शिकवलं. हातावर पट्टी मारायच्या अन् मग खडीसाखर द्यायच्या. चार-पाच वर्षं कुठं दिसल्या नाहीत. विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. बाई गेल्या, अन् मले समजलंसुद्धा नाही." ते थांबले. "आधी आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. मग बाकीचं."

वनमालाबाई आत चहाचं बघत होत्या. शिशिरला वाटलं हे कार्यक्रमातच आहे, त्याने संगीत बंद केलं. बोलणार कोण, तर गंधाली. तिने तोंड उघडलंही.

पण सगळी गॅलरी थांबली होती. मोबाईल खिशात गेले होते. कचोरी हातात धरलेल्या माणसाने ती पाठीमागे लपवली होती. डोळे मिटायच्या आधी प्रत्येक जण एकदा चित्राकडे बघत होता, आणि नुसतं बघत नव्हता, त्या बाईच्या तोंडावर काय आहे ते शोधत होता. एक बाई रडत होती, आणि ती आत्याला ओळखतही नव्हती. इतकी वर्षं रंगवून गंधालीने कधी असं कुणाला आपल्या चित्रासमोर उभं पाहिलं नव्हतं. तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी नुसता आनंद झाला, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

गोदावरी आत्या दारात आली. नवी कोरी साडी, केसांना तेल, एका हाताला भैय्यालाल. भैय्यालालने तिला आत सोडलं आणि "नीचे हौं दाई" म्हणून तो खाली थांबायला गेला. आत्याने पाहिलं तर सगळे मान खाली घालून उभे. शाळेत जन्म गेलेली बाई. असं दिसल्यावर काय करायचं हे तिला सांगावं लागलं नाही. तीही काठीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून उभी राहिली. पण त्याआधी तिने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि ती गंधालीवर येऊन थांबली. गंधालीनेही तिला पाहिलं. आता दोन मिनिटं संपतच आलीत, गंधालीला वाटलं. संपू देत.

आत्याने शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "कोण गेलं वो?"

"गोदावरीबाई," ती बाई मान वर न करता कुजबुजली. "त्या समोरच्या फोटोतल्या. शिक्षिका होत्या म्हणे."

"केव्हा?"

"चोवीस साली. लिहिलं आहे ना तिथं."

"असं?" आत्या म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. नीलकंठरावांनी "ॐ शांती" म्हटल्यावर माना वर झाल्या, तेव्हा ती काठी टेकत पुढे निघाली. माणसांनी म्हातारी म्हणून वाट दिली. समईशी पोचल्यावर ती म्हणाली, "नीलकंठ, तू लय जाडा झाला रे."

नीलकंठरावांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग ते सगळ्या गॅलरीदेखत खाली बसले आणि तिचे पाय धरून हमसून रडायला लागले. वनमालाबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या, "अगं बाई, वन्सं!" म्हणून ओरडल्या, आणि कुणी न सांगता त्यांनी आधी चित्राचा हार ओढून काढला. मग तो कुठे ठेवावा हे न सुचल्याने पदराखाली धरला. एकदम हशा झाला, गलका झाला. जो तो म्हणायला लागला, बाईंचं आयुष्य वाढलं, असं झालं की आयुष्य वाढतं. वार्ताहर फोटो काढत सुटला. शिशिर गंधालीच्या कानाशी येऊन म्हणाला, "क्या ओपनिंग है यार!"

आत्याने सगळ्यांचे नमस्कार घेतले. चहा नको म्हणाली. मग गर्दी परत कचोरीकडे वळली, आणि ती आपल्या चित्रासमोर उभी राहिली. ते ती पहिल्यांदाच बघत होती. उत्तरपत्रिका तपासतात तसं वरून खालपर्यंत बघितलं. गंधाली तिच्या मागे जाऊन थांबली.

"चांगलं काढलं," आत्या म्हणाली. "नाक माझ्या मायसारखं आलं."

"आत्या, मी टांगलं नव्हतं गं."

"हव. नाई टांगलं." आत्याची नजर चित्रावरच होती. "मी आली तवा तू मले पाहिलं."

"हो."

"मंग? आत्या जिती आहे, एवढं बोलाले तुले कोणी अडवलं होतं?"

गंधालीने म्हणून पाहिलं की शांततेच्या मध्येच कसं बोलणार, बरं दिसलं नसतं, नीलकंठरावांचा पोपट झाला असता. वर्गात खोटं कारण सांगणाऱ्या पोराचं बोलणं संपेपर्यंत थांबतात, तशी आत्या थांबली.

"सगळे चित्र बघत होते, आत्या," गंधाली शेवटी म्हणाली. "पहिल्यांदा बघत होते."

आत्याने मान हलवली. तिला राग आलेला दिसत नव्हता. राग आला असता तर गंधालीला सोपं गेलं असतं.

"टांग आता," ती म्हणाली.

"नको, तसं काही..."

"टांग. मीच बोलून राहिली ना. तुले भिंत पायजे होती, अन् मी आता माणसांत मेली होती. अर्धं त झालंच." तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. "पण मी काही पुन्हा तुझ्यासमोर बसणार नाई पोरी. दुसरं कोणी पाहा." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी टाक असं सांगावं तसं. मग ती दाराकडे निघाली. वनमालाबाई तिला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या.

शिशिरला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने छताजवळच्या, चित्रं टांगायच्या पट्टीतून तारा सोडल्या, गंधालीने खुर्चीतून चित्र उचललं आणि दोघांनी मिळून ते मोकळ्या भिंतीवर चढवलं. दिवा अगदी बरोबर पडला. जिन्यावर काठी एकेक पायरी खाली जात होती, मध्येच थांबत होती, मग पुन्हा वाजत होती. खाली धावत जाऊन आत्याचा हात धरावा असं गंधालीच्या मनात आलं आणि ती दाराकडे वळलीही. वळता वळता तिने एकदा मागे पाहिलं. चित्र डावीकडे किंचित खाली होतं. ती आधी ते सरळ करायला गेली.